१५८ क्रमांकाचं कपाट

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी गेली २८ वर्षं ग्रंथपाल आहे. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात १५८ हा उपयोजित मानसशास्त्राचा क्रमांक. स्वतःला घडवू पाहणाऱ्यांसाठीची पुस्तकं तिथं जातात. आमच्या कपाटावर ‘व्यक्तिमत्त्व विकास’ अशी चिठ्ठी आहे. वाचक मात्र ‘प्रेरणादायीचं कपाट कुठं आहे?’ असंच विचारतात. मी कामाला लागले तेव्हा या विषयाची पुस्तकं अर्ध्या खणात मावत. आज अख्खं कपाट भरलंय, आणि कादंबऱ्यांखालोखाल मागणी त्यांनाच असते. त्यातली बहुतेक मी वाचली आहेत. काही कामाचा भाग म्हणून, बरीचशी गरज म्हणून. काहींनी वेळ घेतला आणि हाती काही ठेवलं नाही. एका पुस्तकातल्या चार पानांनी आमचं घर सावरलं. या वाचनातून मला जे उमजत गेलं ते आठवेल तसं लिहिते.

१. बदलाची सुरुवात माणसं पुन्हा पुन्हा वाचतात, हे मला परत आलेल्या पुस्तकांनी दाखवलं. देवघेवीच्या टेबलावर पुस्तक आलं की मी ते एकदा चाळते. फाटलंय का, पानं सुटलीत का, हे बघायचं असतं. पुस्तकात खुणा करू नयेत असा शिक्का पहिल्याच पानावर असतो, तरी या कपाटातल्या पुस्तकांत खुणा असतातच. पेन्सिलीच्या, निळ्या पेनाच्या, एखादी हळदीच्या बोटाची. आणि त्या जवळजवळ सगळ्या पहिल्या तीस-चाळीस पानांत. पुढं पुस्तक कोरं. बरीच वर्षं मला वाटायचं, लोक कंटाळत असतील. मग एका दिवाळीच्या आवराआवरीत स्टीफन कोवी यांचं सात सवयींचं माझं स्वतःचं पुस्तक हाती आलं. मूळ इंग्रजी १९८९ चं, माझ्याकडे मराठी अनुवाद. मी ते शेवटपर्यंत वाचलं होतं, पण माझ्याही खुणा दुसऱ्या सवयीपाशी संपल्या होत्या. तिथं कोवी वाचकाला स्वतःच्या अंत्यविधीचं चित्र डोळ्यांपुढं आणायला सांगतात. जमलेल्या माणसांनी आपल्याविषयी काय बोलावं असं वाटतं, ते लिहून काढा म्हणतात. ते पान वाचलं ती रात्र मला लख्ख आठवली. मुलगा शेजारी झोपला होता. मी पेन्सिल खाली ठेवली, आणि पुढचं सगळं पुस्तक नुसतं वाचलं. पुस्तक जिथं आपल्याला उठून कागद आणायला लावतं, तिथं पेन्सिल थांबते. आता पुस्तक परत आलं की खुणा कुठं संपल्या ते मी बघते, आणि त्या वाचकाविषयी मला माया वाटते. तो कुठल्या पानाशी थबकला ते मला ठाऊक असतं.

२. माझ्या काळजीला आकडा नव्हता, म्हणून ती एवढी मोठी होती. यांचा छापखाना होता. ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसेस, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं. ऑफसेट आलं, संगणकावरची जुळणी आली, तशी कामं आटत गेली. त्यात दुसऱ्या मशीनसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं, ते अंगावर राहिलं. २००९ च्या पावसाळ्यात मला रोज पहाटे तीनला जाग यायची. हेही जागे आहेत ते मला कळायचं, मी जागी आहे ते त्यांना कळायचं, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून श्वास लांबवत पडून राहायचो.

त्या दिवसांत मी डेल कार्नेगींचं चिंतेवरचं पुस्तक घरी आणलं. ते १९४८ चं. त्यात सुरुवातीलाच विलिस कॅरिअर यांची हकीकत आहे. आधुनिक वातानुकूलनाचे जनक म्हणून ज्यांना ओळखतात तेच कॅरिअर. तरुणपणी एका कारखान्यात त्यांनी बसवलेलं यंत्र ठरल्याप्रमाणे चालेना आणि त्यांची झोप उडाली. तेव्हा त्यांनी स्वतःपुरत्या तीन पायऱ्या ठरवल्या. वाईटात वाईट काय होईल ते आधी शोधायचं. तसं झालंच तर ते पत्करायला मनाची तयारी करायची. मग शांतपणे, त्या वाईटातून जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवायच्या मागं लागायचं. एरवी मी तेही नुसतं वाचलं असतं, पण पुस्तक मिटून झोप येणार नव्हती. स्वयंपाकघरात गेले, मुलाच्या वहीचं मागचं पान फाडलं आणि ओट्याशी उभ्यानंच लिहिलं. मशीन विकावं लागेल. भंगाराच्या भावानं जाईल. तरी एक लाख दहा हजार देणं उरेल. माझी मोहनमाळ जाईल. मागची खोली भाड्यानं द्यावी लागेल. यांना दुसऱ्याच्या हाताखाली काम करावं लागेल.

एवढं झाल्यावर पुढं काही सुचेना. तीन महिने ज्यानं मला झोपू दिलं नव्हतं, ते सहा ओळींत संपलं. मी तो कागद उलटून पाहिला, मागं काही लिहायचं राहिलंय का म्हणून.

पण जे व्हायचं होतं ते सकाळी झालं. कागद ओट्यावरच राहिला होता. हे चहाला आले, त्यांनी तो उचलून वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातलं पेन काढलं, एक लाख दहा हजार खोडले आणि एक लाख सदतीस केले. कागदवाल्या व्यापाऱ्याचे सत्तावीस हजार द्यायचे होते, ते मला सांगितलेच नव्हते. पेनाचं टोपण लावत म्हणाले, “मोहनमाळ राहू दे.” लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण पैशांविषयी आम्ही खरं बोललो ते त्या सकाळी पहिल्यांदा. पुढं मशीन गेलं, मागच्या खोलीत भाडेकरू आले, हे सांगलीला एका प्रेसमध्ये जाऊ लागले. दुसऱ्या वर्षी मोहनमाळही गेली. कागद नवऱ्याला दाखवावा असं कॅरिअर यांच्या तीन पायऱ्यांत कुठंच नाही. पण त्या पायऱ्या नसत्या तर दाखवायला कागदच नसता. त्या पुस्तकाचं ऋण मी मानते ते एवढं.

३. आपला जो दोष आपल्याला दिसतो तो बहुधा आपला मोठा दोष नसतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी सद्गुणांची यादी करून एक वही आखली होती. आठवड्याचे सात दिवस, प्रत्येक चुकीला एक काळा ठिपका, आणि एका आठवड्यात एकाच गुणाकडे खास लक्ष. गुण १३, म्हणून वर्षात बरोब्बर चार फेऱ्या. आधी यादीत १२ च होते. एका क्वेकर मित्रानं त्यांना सांगितलं, की लोक तुला गर्विष्ठ समजतात, आणि मग नम्रता हा तेरावा गुण आला. आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणानं लिहिलंय. मीही जुन्या दाखलनोंद वहीच्या उरलेल्या पानांवर तशी आखणी केली. आठ गुण काढले. वेळ पाळणं, राग आवरणं, असे. आमच्या वाचनालयात झाडलोट करणाऱ्या मावशींनी एकदा विचारलं, हे कसले ठिपके? मी सांगितलं. त्या फडकं पिळता पिळता म्हणाल्या, “समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं, ते यात कुठाय ताई?” ते यादीत नव्हतं. माझ्या स्वप्नातही नव्हतं. त्या दिवशी मी स्वतःला ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत सात वाचकांची वाक्यं मी अर्ध्यात उचलली होती.

४. पुस्तकातून आणलेलं बोलणं समोरच्याला ओळखू येतं. मावशींचं ऐकल्यावर मी कोवींची पाचवी सवय पुन्हा वाचली: आधी समोरच्याला समजून घ्या, मग स्वतःचं सांगा. मुलगा तेव्हा दहावीला होता आणि आमच्यात रोज खटके उडत. मी ठरवून ऐकायला लागले. तो काही बोलला की मी त्याचंच बोलणं माझ्या शब्दांत परत सांगायची: “म्हणजे तुला असं वाटतंय की...” तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “आई, पुस्तकातलं बोलू नको ना.” आवाजात राग नव्हता, काकुळती होती. तो त्या दिवशी अकरावीला सायन्स नको हे सांगायला आला होता. माझं सगळं लक्ष मी नीट ऐकतेय की नाही याकडे होतं. ते त्याला दिसलं आणि तो उठून गेला. सायन्सचं मला दोन महिन्यांनी त्याच्या मामाकडून कळलं.

मग मी काहीच करायचं सोडून दिलं. संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन बसायची, अर्धी त्याच्यापुढं सरकवायची. हात कामात असले आणि डोळ्याला डोळा भिडवायचा नसला की हा मुलगा बोलतो, हे मला तो सोळा वर्षांचा झाल्यावर कळलं. समजून घ्यायची खरी ओढ नसेल तर नुसतं तंत्र उघडं पडतं, हे कोवींनीच त्या पुस्तकात बजावलंय. तेही मी वाचलेलं होतं.

५. माझे आजोबा आयुष्यभर एकच पुस्तक वाचत होते, आणि ते मला बराच काळ त्यांचं अज्ञान वाटलं. दासबोधाचे २० दशक, २०० समास. सकाळी अंघोळ झाली की एक समास, मोठ्यानं. सहा-सात महिन्यांत ग्रंथ पुरा व्हायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या समासापासून. मी मात्र एका वर्षी या कपाटातली ३१ पुस्तकं वाचली आणि त्यांची यादी डायरीत लिहिली. वर्ष संपताना यादी पाहिली तेव्हा फार समाधान वाटलं. ते समाधानच मला पुढं खटकलं. सवयींवरची तीन पुस्तकं वाचून एकही सवय लागली नव्हती, पण तीनही वेळा काहीतरी केल्याचा थकवा आणि आनंद मला मिळाला होता. बदल वाचून झाला की बदलण्याची भूक भागल्यासारखी वाटते. गोड खाल्ल्यावर जेवण जात नाही तसं.

दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणं आहेत, आणि त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्खाची लक्षणं. शिकलेला माणूस मूर्ख कसा असेल, याचं लहानपणी आम्हा भावंडांना हसू यायचं. आजोबा तो समास नेहमी हळू वाचत. आम्हाला वाटायचं, ते आम्हाला ऐकवण्यासाठी. आज मला वाटतं ते स्वतःला ऐकवत होते, आणि दर सहा-सात महिन्यांनी ऐकवायची गरज त्यांना वाटत होती. गेली सहा वर्षं मी या विषयाचं एका वर्षात एकच पुस्तक घरी नेते. वाचनालयासाठी चाळावी लागतात ती वेगळी.

६. आपल्या भाषेत वाचलेलं जास्त खोल जातं, आणि त्यात अनुवाद मी धरत नाही. कार्नेगी मिसुरीच्या शेतकऱ्यांच्या आणि न्यूयॉर्कच्या विक्रेत्यांच्या गोष्टी सांगतात. त्यातून मला मार्ग सापडला हे खरंच. पण अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार मला कळला तो डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ‘स्वभाव-विभाव’मुळे, कारण त्यातली माणसं आमच्या गल्लीतली वाटत होती. एलिस यांचं म्हणणं असं, की घटना आपल्याला एवढा त्रास देत नाही. त्या घटनेविषयी आपण मनात जो हट्ट धरून बसतो तो देतो. असं व्हायलाच पाहिजे, असं होताच कामा नये, हा तो हट्ट.

हे वाचताना मला एकाएकी मराठीतला ‘च’ दिसला. एलिसना इंग्रजीत अख्ख्या शब्दावर बोट ठेवावं लागलं; आपल्याकडे तो हट्ट एका अक्षरात बसतो. “भावानं मला विचारायला हवं होतं,” यात दुखावलेपण आहे. “भावानं मला विचारायलाच हवं होतं,” यात कोर्टकचेरी आहे. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून माझं आणि भावाचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मी आठवडाभर माझे ‘च’ मोजले. बहुतेक त्याच्या वाट्याचे निघाले. राखीपौर्णिमेला मी त्याला फोन केला. तो काही बदलला नव्हता, आणि मला विचारायला हवं होतं हे मला आजही वाटतं. पण फोन दोघांपैकी एकानं उचलून लावायचा होता, आणि त्या अक्षराशिवाय मला तो लावता आला.

७. एका पुस्तकावर मी माझ्या हातानं तारखेचा शिक्का मारून दिला, याचं मला दुःख आहे. मनात जे येईल तेच आयुष्यात ओढलं जातं, असं सांगणारी पुस्तकं असतात, आणि त्यांना फार मागणी असते. एका वाचक बाईंनी असं एक नेलं. त्यांचे यजमान कर्करोगानं गेले होते, दोन महिनेही झाले नव्हते. परत देताना टेबलाच्या कडेला हात टेकवून त्यांनी मला विचारलं, “दवाखान्यात असताना माझ्या मनात सारखं वाईटच यायचं. म्हणून झालं का हो?” मी “नाही, नाही” म्हणाले. पण मीच दिलेलं पुस्तक तर “हो” म्हणत होतं.

तेव्हापासून असं पुस्तक नेणाऱ्याला मी दोन गोष्टी सांगते. एक, गॅब्रिएल ओएटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं, की यशाची नुसती सुखद चित्रं रंगवणारी माणसं पुढं प्रयत्न कमी करतात. इच्छेबरोबर तिच्या आड येणारी अडचणही नीट डोळ्यांपुढं आणली तर हातपाय हलतात. दुसरी, व्हिक्टर फ्रँकल यांचं पुस्तक. व्हिएन्नाचे हे मनोविकारतज्ज्ञ ऑशविट्झसह नाझींच्या चार छळछावण्यांतून जिवंत परतले. आई, वडील, भाऊ, बायको, कुणी राहिलं नव्हतं. १९४५ मध्ये नऊ दिवसांत त्यांनी ते पुस्तक सांगून लिहवून घेतलं, आणि आधी त्यावर स्वतःचं नावही घालायचं नव्हतं. त्यात कुठंही ते दुःखाला माणसाची चूक म्हणत नाहीत. त्या बाईंना मी ते सहा महिन्यांनी दिलं. त्यांनी ते दोनदा मुदतवाढ करून ठेवून घेतलं. वाचलं का, हे मी विचारलं नाही.

८. पुस्तक देऊन मी माणसाला टाळलं, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. आमच्या वाचनालयाला अभ्यासिका आहे. तिथं एमपीएससीची तयारी करणारा एक मुलगा तिसऱ्या प्रयत्नानंतर या कपाटाकडे वळला. आठवड्याला एक, कधी दोन पुस्तकं. मला फार बरं वाटायचं. मी त्याच्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवू लागले. तीन महिन्यांत चौदा पुस्तकं, सगळी त्याच्या कार्डावर माझ्या अक्षरात. तो कुलूप उघडताना यायचा, कुलूप लावताना जायचा. पुस्तक समोर उघडं असायचं, आणि पान तेच असायचं. हे मला दिसत होतं. एके दिवशी पुस्तक परत देताना म्हणाला, “मॅडम, मीच कमी पडतोय. यांत सगळं सांगितलंय, तरी मला जमत नाही.” मी मागं वळले, कपाट उघडलं आणि त्याला पुढचं पुस्तक दिलं.

त्यानंतर तो आला नाही. तीन आठवडे झाले, पुस्तकाची मुदत उलटली, म्हणून मी फोन केला. म्हणजे फोन मी पुस्तकासाठी केला होता. वडिलांनी उचलला. म्हणाले, “ताई, तो अंथरुणातनं उठंना. जेवंना.” त्या संध्याकाळी मी आणि हे त्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी वडील त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. नैराश्याचा आजार होता, आणि तो बरेच महिने होता. औषधं लागली, वर्ष गेलं. आज तो एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे, आणि त्याच्या मुलीसाठी चांदोबाचे जुने अंक मागायला येतो. मला तो काही बोलला नाही कधी. पण ते वाक्य मी विसरलेले नाही. पायाचं हाड मोडलेल्याला मी धावण्याच्या शर्यतीवरची पुस्तकं देत होते, आणि प्रत्येक पुस्तकागणिक त्याची खात्री पटत होती, की दोष त्याचाच.

याचा अर्थ आजारात पुस्तक उपयोगी पडत नाही असा नाही. डेव्हिड बर्न्स यांचं १९८० चं नैराश्यावरचं पुस्तक उदास रुग्णांना वाचायला देऊन त्याचे परिणाम अमेरिकेत तपासले गेले आणि सौम्य व मध्यम त्रासात त्याचा गुण दिसला. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ इथं नील फ्रूड या मानसशास्त्रज्ञांनी एक योजना सुरू केली: डॉक्टरनं चिठ्ठीवर औषधासारखं पुस्तकाचं नाव लिहायचं, रुग्णानं ते सार्वजनिक वाचनालयातून न्यायचं. पुढं ती इंग्लंडभर पोचली. हे वाचून मला त्या वाचनालयांतल्या ग्रंथपालांचा हेवा वाटला, कारण त्यांच्या टेबलाशी येणारा माणूस आधी डॉक्टरला दिसलेला असतो. माझ्या टेबलाशी येणारा कुणालाच दिसलेला नसतो. म्हणून मी आता विचारते. झोप लागते का? जेवण जातं का? शेजारीण विचारेल तसं. आणि कपाटाच्या दाराला आतून ‘टेलिमानस १४४१६’ अशी चिठ्ठी लावली आहे. सरकारची ही मोफत सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. दार उघडून पुस्तक शोधताना ती वाचता येते, कुणाच्या नजरेला न पडता.

९. या सगळ्या पुस्तकांचं मूळ एका खोलीत आहे, आणि त्या खोलीत कुणी एकटं नव्हतं. इंग्रजीत या प्रकाराला ज्या पुस्तकावरून नाव पडलं ते स्कॉटिश लेखक सॅम्युएल स्माइल्स यांचं ‘सेल्फ-हेल्प’, १८५९ चं. त्याच्या प्रस्तावनेत जन्मकथा आहे. लीड्स शहरातले दोन-तीन गरीब तरुण हिवाळ्याच्या संध्याकाळी एकमेकांना शिकवायला जमू लागले. ज्याला थोडं येत होतं तो ज्याला त्याहूनही कमी येत होतं त्याला शिकवी. लेखन, वाचन, गणित, भूगोल. संख्या वाढली, जागा पुरेना. गावात एक मोठी कळकट खोली रिकामी पडली होती. पटकीच्या साथीत तिथं तात्पुरतं रुग्णालय होतं, म्हणून भीतीनं ती कुणी भाड्यानं घेत नव्हतं. या मुलांनी ती घेतली. तिथं दोन शब्द बोला म्हणून १८४५ मध्ये त्यांनी स्माइल्सना बोलावलं, आणि त्या बोलण्यातून पुढं पुस्तक झालं. पहिल्या प्रकाशकानं ते नाकारलं. स्वतःच्या जोखमीवर छापल्यावर वर्षभरात २० हजार प्रती गेल्या. १८६६ च्या आवृत्तीत स्माइल्सनी लिहिलंय, की पुस्तकाचं नावच चुकलं. त्यावरून लोकांना ही स्वार्थाची भलामण वाटते.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून वाचनालयात एक चक्कर मारली. कार्नेगींचं १९३६ चं गाजलेलं पुस्तकही त्यांच्या वर्गांमधून आलं. १९१२ पासून ते न्यूयॉर्कमध्ये माणसांना समोर उभं करून बोलायला शिकवत होते. दासबोध तर गुरुशिष्यांचा संवादच, शिष्य शंका विचारतोय आणि पुन्हा विचारतोय. समोर माणसं होती, म्हणून ही पुस्तकं झाली. आपण ती माणसं वगळून उरलेलं पुस्तक घरी नेतो.

गेल्या दोन वर्षांपासून आम्ही बुधवारी संध्याकाळी सहा वाजता, वृत्तपत्रांच्या टेबलाशी बसतो. सात-आठ जण असतात. निवृत्त शिक्षिका, एसटीचे एक कंडक्टर, ब्युटी पार्लर चालवणारी एक मुलगी, अभ्यासिकेतली दोघं-तिघं, मावशी. एकच पुस्तक, एका वेळी चार-पाच पानं, कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. पुस्तक जिथं लिहायला सांगतं तिथं थांबायचं आणि लिहायचं. कागद मी देते, जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजू. दाखवायची सक्ती नाही.

गेल्या बुधवारी कॅरिअर यांच्या तीन पायऱ्या आल्या. मी काही सांगितलं नाही, नुसतं वाचलं. सगळे लिहीत होते. कंडक्टर भाऊंनी दोन ओळी लिहिल्या आणि पेन तसंच धरून बसले. बाहेर शेवटच्या गाडीचा हॉर्न झाला, तरी ते उठले नाहीत. मग त्यांनी तो कागद टेबलावरून शिक्षिका बाईंकडे थोडासा सरकवला. बाईंनी चष्मा लावला, आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी नेली.